छबूबाईला न दिसलेली कळ

करंजीच्या घाटापलीकडच्या गावांत छबूबाईला ओळखत नाही अशी बाई त्या काळी शोधून सापडली नसती. पुरुषांना ती फारशी ठाऊक नव्हती आणि तिलाही पुरुषांशी काही कर्तव्य नव्हतं. तिचं काम बायकांच्या अंगावरचं. कपाळावर चांदणी, हनुवटीवर ठिपका, मनगटावर तुळस, दंडावर नवऱ्याचं नाव, म्हणाल ते ती गोंदून द्यायची. नाव हवं असेल तर ते कागदावर लिहून आणावं लागे, कारण छबूबाईला अक्षरओळख नव्हती. समोरचं अक्षर ती चित्र म्हणून बघायची आणि तसंच अंगावर उतरवायची. एकदा एका पोरीनं कागद उलटा धरला आणि तिच्या दंडावर सहादेव डोक्यावर उभा राहिला. लोक हसले तेव्हा छबूबाईनं विचारलं, पोरीला वाचता येत नाही, सहादेवालाही येत नाही, मग बिघडलं कुणाचं?

हे काम तिला सासूकडून आलं. सासू रतनबाई मोठी कडक. लग्न होऊन आल्यावर कितीतरी दिवस तिनं सुनेला सुईला हात लावू दिला नाही. दिव्यावर काजळ धरायचं, ते खलायचं, गोंदून झाल्यावर हळद लावायची आणि बाकीचा वेळ बघत बसायचं. काय बघायचं, तर तोंड. रतनबाईचं म्हणणं असं, की टोचायला कुणालाही येतं, थांबायचं कुठं ते कळलं पाहिजे. बाई तोंडानं काहीही सांगते. कुणी सुई टेकायच्या आधीच बोंबलते, कुणी रक्त आलं तरी हसते. खरं काय ते भुवईत दिसतं, नाकपुडीत दिसतं, खालच्या ओठात दिसतं. भुवई हलली की हात हलका करायचा आणि ओठ आत गेला की थांबायचं. छबूबाई हे इतकं पक्कं शिकली, की पुढं तिची नजर सुईवर नसायचीच. हात आपला आपण चालायचा आणि डोळे समोरच्या चेहऱ्यावर. छबूबाईपासून कळ लपवता येत नाही, असं बायका म्हणायच्या. तिला ते ऐकायला आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

रतनबाईनं आपल्या गिऱ्हाइकांत आणखी एक चाल पाडली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीच्या दंडावर ती छोटासा पाळणा गोंदायची. छबूबाईनं ते पुढं चालवलं. त्यातून दोघींच्या एक गोष्ट ध्यानात आली. लग्नाआधी जिनं हनुवटीवरच्या एका ठिपक्यासाठी आळी डोक्यावर घेतलेली असायची, तीच पोरगी दिवस भरत आल्यावर चिंच चघळत बसायची आणि पाळणा पुरा होत आला तरी गप्पा मारत राहायची. एखादी असती तर सोडून दिलं असतं, पण बहुतेकींचं तेच. रतनबाई म्हणायची, पोटातलं लेकरू आईची निम्मी कळ आपल्याकडं घेतं. छबूबाईही तसंच सांगू लागली. खरंखोटं कुणी तपासलं नव्हतं, पण पोटुशीला ते ऐकून बरं वाटायचं, आणि बरं वाटलेली बाई हलत नाही, हा धंद्यातला फायदा.

छबूबाईला एकच लेक, लंका. नवरा भिमाजी हिवाळा आला की ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचा तो उन्हाळ्यातच दिसायचा. छबूबाई लगीनसराईतली गिऱ्हाइकं सोडून त्याच्याबरोबर जात नसे. घरात मायलेकी दोघीच. सासू गेली तेव्हा छबूबाईचा हात अजून पुरता बसायचा होता, आणि हात बसवायला आयताच एक दंड घरात होता. म्हणून लंकाच्या हातांवर खांद्यापर्यंत मोर, विंचू, तुळस, फुलं अशी गर्दी झाली. काही मोर मोरासारखे दिसत नाहीत, ते सुरुवातीचे. पण पोरगी कधी रडली नाही. छबूबाईला याचं भारी कौतुक. गिऱ्हाईक रडायला लागलं की ती लंकाला हाक मारायची, तिचे हात दाखवायची आणि म्हणायची, बघा, माझी लंका एवढीशी असून रडली नाही आणि तुम्ही घोड्या झालात तरी रडताय. लंका खाली बघून उभी राहायची.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या हिवाळ्यात लंका बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा कानिफनाथ सासऱ्याच्याच टोळीत ऊस तोडायला गेला होता. लंका आदल्या वर्षी त्याच्याबरोबर खडी फोडायच्या दुष्काळी कामावर होती, आणि तिच्या पोटातलं पहिलं त्या उन्हात गेलं. त्यामुळं या खेपेला छबूबाईनं तिला हलू दिलं नाही. पहिलं गेलं ते गेलं, हे जायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात. तिनं मढीच्या नाथाला नवस बोलला, घरातलं तूप लेकीसाठी राखलं आणि दंडावर पाळणा मात्र गोंदला नाही. मूल हातात आल्याशिवाय सुई धरणार नाही, असं तिनं ठरवलं होतं.

दिवस भरले आणि एके दिवशी सकाळी लंका म्हणाली, पाठ जड वाटते. छबूबाईनं साळूबाईला बोलावलं. साळूबाई गावची सुईण, छबूबाईच्याच वयाची, दोघींचं लहानपणापासून पटायचंही आणि भांडायच्याही. साळूबाईनं पोटाला हात लावला, इकडून चाचपलं, तिकडून चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. पोट उभं न वाढता रुंदीला गेल्यासारखं लागतंय, तिनं सांगितलं, आणि डोकं जिथं हवं तिथं हाताला येत नाही. सकाळची यष्टी यायची आहे, त्या गाडीनं पोरीला नगरला घेऊन जा.

छबूबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. भुवई हलत नव्हती. नाकपुडी शांत. ओठ जागच्या जागी. दुखतंय का विचारलं तर लंका म्हणाली, थोडं. इतकी वर्षं बायकांची तोंडं वाचून खाल्लेल्या छबूबाईला शंका कशी यावी? तिनं साळूबाईला सांगितलं, कळा अजून सुरूच झाल्या नाहीत, पहिलटकरणीसारखीच आहे ही, उद्यापर्यंत वेळ आहे, तोवर मूल आपोआप जागेवर येईल. घाटातल्या खड्ड्यांनी यष्टीतच काही झालं तर? एक गेलंय, दुसरं रस्त्यावर घालवू का?

"मी पोटाला हात लावून सांगती, अन् तू तोंड बघून सांगतीस," साळूबाई चिडून म्हणाली.

पण लेक छबूबाईची होती. साळूबाई फणफणत चुलीपाशी जाऊन बसली आणि सकाळची यष्टी गेली. छबूबाईनं लेकीला चहा दिला, तुपाचं बोट चाटवलं आणि दर थोड्या वेळानं तिचं तोंड बघत राहिली. तोंड तसंच. लंका भिंतीला टेकून, पदराखाली हात घेऊन बसली होती. मधूनच डोळे मिटायची. छबूबाईला वाटलं, झोप येतेय पोरीला.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा लंका उठायला गेली आणि पाणी गेलं. साळूबाईनं तिला आडवं घेऊन पुन्हा बघितलं. खाली डोकं नाहीच. मूल आडवं होतं, आणि आता ते फिरायला आत पाणीही उरलं नव्हतं. साळूबाई भांडली नाही, उणंदुणं काढलं नाही. तिनं फक्त छबूबाईला सांगितलं, कळा सकाळपासनं चालू असणार. छबूबाईनं घोंगडी ओढून काढली.

गावात माणूस होतं कुठं? अर्ध्याहून जास्त घरं उसाला गेलेली. दुपारची नगरची यष्टी गावच्या फाट्यावर थांबायची, तिथंवर त्या दोघींनी आणि शेजारच्या दोन बायकांनी लंकाला घोंगडीच्या झोळीतून नेलं. गाडी आली. ड्रायव्हर काकासाहेब त्या रस्त्यावरचा जुना माणूस, तोंडानं फटकळ. फाट्यावर झोळी बघून त्यानं आधी आरडाओरडा केला, की आता कसं चढवायचं हे. मग स्वतःच खाली उतरला आणि त्यानं झोळीचं एक टोक धरलं. मागची लांब सीट रिकामी झाली, कुणाला सांगावं लागलं नाही. एका बाईनं आपलं गाठोडं उशाला दिलं. घाटात काकासाहेबानं गाडी इतकी जपून काढली, की मागून कुणीतरी म्हणालं, आज बैलगाडीच बरी होती, आणि सगळ्यांनी त्या माणसाला गप्प केलं. घाट संपल्यावर मात्र त्यानं मधल्या थांब्यांवर गाडी थांबवली नाही. उतरणाऱ्यांनी तक्रार केली नाही. भिंगारच्या बाजारातून गाडी नगरात शिरली ती स्टँडला न जाता सरळ पुष्पावतीबाईंच्या दवाखान्याच्या दारात. माणसांची ही चांगुलपणाची वागणूक छबूबाईला तेव्हा दिसलीच नाही. ती लेकीचं तोंड बघत होती, आणि ते तोंड तिला आता काहीच सांगत नव्हतं.

पुष्पावतीबाई बाळंतपणाच्या डॉक्टर. त्यांनी पोटावर लाकडी नळी ठेवून कान लावला आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. मग मान वर करून म्हणाल्या, बाळ आहे, ठोके चांगले आहेत, पण ते आडवं अडकलंय, पोट उघडून काढावं लागेल आणि लगेच. त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना निरोप धाडला. छबूबाईनं अंगठा कुठं द्यायचा तिथं दिला. तिला एवढंच ऐकू आलं होतं, की बाळ आहे.

भुलीचे डॉक्टर राधाकृष्ण सावेडीकडून स्कूटरवर आले. उंच, वाळके, घाईत असूनही घाई न दाखवणारे. आत जायच्या आधी ते बाहेर आले आणि दोघी बायकांना विचारू लागले. पोरीनं शेवटचं काय खाल्लं, कधी खाल्लं? दमा आहे का, फिट येते का? कळा कमी व्हाव्यात म्हणून अफू, बोंडांचा काढा, दारूचा घोट, काही पाजलंय का? असेल तर आत्ता सांगा, रागावणार नाही. साळूबाईनं शपथेवर सांगितलं, चहा आणि तूप, दुसरं काही नाही. ते खूष झाले. आता पाठीत एक सुई देणार, पोटापासून खाली बधिर होईल, पोरगी जागी राहील, असं त्यांनी सांगितलं. आतल्या परिचारिकेला त्यांनी औषध किती भरायचं तेही सांगितलं, आणि दारातून छबूबाईला ती सुई दिसली. नळीच्या तळाशी औषध होतं जेमतेम.

सुईच्या बाबतीत छबूबाई कुणाला घाबरत नसे. गावातल्या गहिनीनाथ पैलवानाची अंतर्गळाची शस्त्रक्रिया पाठीतल्या सुईवरच झाली होती. त्याला भरगच्च सुई दिली होती, तरी शेवटी शेवटी कळलं, असं तो सगळ्या गावाला सांगत फिरायचा. आणि आपल्या पोरीला एवढंसं? गरीब बघून औषध वाचवतात की काय? तिनं सरळ डॉक्टरांचा हात धरला.

"सायेब, माझी पोरगी रडायची न्हाई, म्हनून कमी देऊ नका. गहिनीनाथला दिली तेवढी तरी द्या. तिला सुरी कळाया नगं."

साळूबाईनं तिला मागं ओढलं. राधाकृष्ण डॉक्टरांनी हात सोडवून घेतला नाही.

"मावशी, तुमचा गहिनीनाथ पोटुशी नव्हता," ते म्हणाले.

मग आत तयारी होत होती तेवढ्यात त्यांनी उभ्या उभ्या समजावलं. बाई गरोदर राहिली की तिच्या रक्तात काही रस वाढतात, हार्मोन म्हणतात त्यांना, आणि दिवस भरत येतात तसे ते चढतच जातात. त्यांचं खरं काम लेकरू सांभाळायचं, पण त्यांच्यामुळं आईच्या नसा भुलीला लवकर वश होतात. नाकातून वासाची भूल दिली तरी पोटुशीला कमी पुरते. पाठीच्या सुईला तर आणखी एक कारण आहे. पोटाच्या भारानं आतल्या शिरा फुगतात, मणक्यातली जागा अरुंद होते आणि औषध वर चढतं. यातलं कशामुळं किती होतं यावर मोठमोठे डॉक्टर अजून वाद घालतात. आपण त्या वादात नाही, आपण एवढं जाणतो, की गहिनीनाथाचं माप या पोरीला दिलं तर औषध छातीपर्यंत चढेल, रक्तदाब पडेल, श्वास अडेल. कमी देतोय ते वाचवायला नाही. तिला वाचवायला.

"अन् कळलं तर?" छबूबाईनं विचारलं.

ते म्हणाले, नाही कळणार, मी तिच्या उशाशी बसून आहे, तिथून हलणार नाही. आणि जाता जाता सहज बोलून गेले, की नुसती भूलच नव्हे, दिवस भरलेल्या बाईला दुखणंही थोडं बोथट लागत असावं असा त्यांना बऱ्याच दिवसांपासून संशय आहे, पण हे सिद्ध करून दाखवायला त्यांच्याकडं काही नाही.

दार लागलं. छबूबाई भिंतीला धरून खाली बसली.

तिला संशय नव्हता, तिला ठाऊक होतं. सासूनं सांगितलं होतं, तिनं स्वतः इतक्या पोरींच्या दंडांवर पाळणे गोंदताना बघितलं होतं. दिवस भरलेल्या बाईचं तोंड शांत असतं, कळ पुरती तोंडावर येत नाही. हे ती सगळ्या गावाला सांगायची. आणि आज सकाळपासून आपल्याच पोटच्या पोरीचं तोंड तिनं असं वाचलं, जसं कुण्या कुमारिकेचं वाचावं. भुवई हलत नाही म्हणजे कळा नाहीत. केवढी ती हुशारी! तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की साळूबाईकडं बघवेना. साळूबाईनं मात्र तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. हा हात सकाळपासून खरं सांगत होता.

"साळू, मला तुझं आयकायला पायजे हुतं," छबूबाई म्हणाली.

साळूबाई म्हणाली, ते मागनं बोलू, आता नाथाचं नाव घे. दोघी नाव घेत बसल्या. बाहेर ऊन कलत होतं आणि रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या भिंगारकडं जात होत्या. आतून भांड्यांचा आवाज यायचा, मग काहीच यायचं नाही, आणि ते काहीच न येणं छबूबाईला सोसत नव्हतं. लंकाचा आवाज येईल, नको यायला, पण आला तर ती जिवंत आहे हे तरी कळेल, असं तिच्या मनात उलटसुलट चाललं होतं.

आवाज आला तो लेकराचा. बारीक, रागावलेला, थांबून थांबून. साळूबाई आयुष्यभर असे आवाज ऐकत आलेली, पण ती आधी रडली. थोड्या वेळानं पुष्पावतीबाईंनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं, मुलगी आहे, वजनाला छान आहे, आणि आई बोलतेय. आत शिवणं चालू असताना लंकानं राधाकृष्ण डॉक्टरांना विचारलं होतं म्हणे, की माझे पाय कुठं आहेत. ते म्हणाले, आहेत जागेवर, संध्याकाळी परत देतो. छबूबाईनं पुष्पावतीबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी उठवलं तर परत ठेवलं.

पुढं छबूबाईनं या सगळ्यांना कधी सोडलं नाही. दर हिवाळ्यात ज्वारीचा हुरडा आला की पहिली पिशवी फाट्यावर काकासाहेबाच्या गाडीत जायची. तो दरवेळी ओरडायचा, की ही काय मालगाडी आहे का, आणि पिशवी सीटखाली नीट लावून ठेवायचा. दुसरी पिशवी त्याच गाडीतून नगरला, दवाखान्यात. राधाकृष्ण डॉक्टर तिला बसवून घ्यायचे आणि पाळण्यांच्या गोष्टी विचारायचे, कितव्या महिन्यात पोरी शांत व्हायला लागतात, बाळंत झाल्यावर किती दिवसांनी पुन्हा ओरडतात. ती सांगायची. तुम्ही शिकलेली माणसं, मी अडाणी, असलं ती कधी म्हणाली नाही आणि त्यांनीही कधी तसं वाटू दिलं नाही. गोंदायला बसलेली एखादी भरल्या दिवसांची पोरगी फारच शांत वाटली, की छबूबाई सुई खाली ठेवायची आणि आधी साळूबाईला बोलावून पोटाला हात लावायला सांगायची, मग पुढचं. साळूबाईला याचा इतका माज चढला, की विचारू नका. पण छबूबाईनं तो आनंदानं सोसला. दोन जीव हातातून जाता जाता परत मिळाले होते, त्यापुढं साळूबाईचा माज म्हणजे काहीच नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

दिवे लागले तेव्हा राधाकृष्ण डॉक्टर घरी निघण्याआधी खाटेपाशी आले. लंकाच्या पायाचा अंगठा त्यांनी चिमटीत धरला आणि तिनं तो हलवला. पाय परत आले. मग त्यांनी छबूबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की आता लक्ष द्यायचं ते इथून पुढं. लेकरू आणि वार बाहेर पडली की ते रस भराभर उतरायला लागतात. इतके महिने तिला जे पांघरूण होतं ते आता निघालं. सुईचा अंमलही सरतोय. पोटावर एवढी मोठी जखम आहे, ती दुखणार, चांगलीच दुखणार. त्यासाठी औषध लिहून ठेवलंय, पण कुणी सांगितल्याशिवाय परिचारिकेला कळणार कसं? अंग आखडून, श्वास कोंडून पडून राहिली तर छातीत कफ धरेल, ताप येईल. तेव्हा दुखलं की बोलायला सांगा.

छबूबाई खाटेशेजारी खाली बसली. बाळ साळूबाईच्या मांडीवर झोपलं होतं. लंका छताकडं बघत पडली होती. छबूबाईनं सवयीनं तिचं तोंड बघितलं. भुवई हलत नव्हती. नाकपुडी शांत. ओठ जागच्या जागी. आयुष्यात पहिल्यांदा छबूबाईला समोरच्या चेहऱ्याची भीती वाटली.

दुखतंय का, तिनं विचारलं. लंका म्हणाली, न्हाई.

छबूबाईनं पांघरुणाखाली हात घातला आणि लेकीचा हात धरला. तो हात नव्हता, आवळलेली मूठ होती. एकेक बोट सोडवावं लागलं. दिव्याच्या उजेडात तिनं तो तळहात उघडून बघितला. मधोमध नखांचे वण उमटले होते, काही ताजे, लाल, आणि त्यांच्याखाली जुने, काळे पडलेले. सकाळचे. पदराखाली घेतलेल्या हातांनी भिंतीला टेकून बसली होती, तेव्हाचे. दुसरा हात उघडला, तोही तसाच. आयुष्यभर तोंडं वाचणाऱ्या बाईनं हात कधी बघितले नव्हते. हात तर ती कामाला धरायची.

"लंके, सकाळी का गं न्हाई बोललीस? मी इचारलं हुतं की," ती म्हणाली.

लंका छताकडंच बघत म्हणाली,

"तू बघत हुतीस, आये. तू बघाया लागलीस की मला रडायाच येत न्हाई. लहानपणापासनं."

त्या दंडावरच्या मोरांकडं, विंचवांकडं छबूबाईनं बघितलं, त्यातल्या प्रत्येकाला किती वेळ लागला होता ते तिच्या हाताला आठवत होतं. एवढीशी पोर गप्प बसायची आणि ती चार बायकांत मिरवायची. तिनं लेकीचे दोन्ही तळहात आपल्या गालांवर ठेवले आणि तिच्या देखत, परक्या दवाखान्यात, हमसून हमसून रडली. मग तिनं नाक पुसलं आणि खाटेकडं पाठ फिरवून, भिंतीकडं तोंड करून बसली.

"घे. आता मी बघत न्हाई. रड बाई, माज्यासाठी रड."

आधी काही झालं नाही. मग मागून एक बारीक हुंकार आला, अडकलेला, लाजल्यासारखा. मग दुसरा. आणि मग लंका ओरडली. अशी ओरडली, की साळूबाई दचकली, बाळ जागं होऊन आईपेक्षा मोठ्यानं रडायला लागलं, पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं देवाचं नाव घेतलं आणि परिचारिका धावत आली. तिनं विचारलं, काय झालं, कुठं दुखतंय, आणि लंकानं रडत रडत सगळं सांगितलं, पोटात, पाठीत, खांद्यात, सगळीकडं. परिचारिका म्हणाली, अगं मग आधी नाही का सांगायचं, आणि औषध भरायला गेली.

छबूबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. मागं लेक रडत होती, नात रडत होती, दोघींचे आवाज एकमेकींत मिसळत होते, आणि तिचे दोन्ही हात जोडलेले होते. नाथाला, पुष्पावतीबाईंना, त्या वाळक्या डॉक्टरांना, फटकळ काकासाहेबाला, साळूला, एकेकाचं नाव घेत ती ऐकत राहिली.